काकांची चिंधी

वर पुतणीला बघायला आलेल्या मंडळींना पोहे दिले जात होते आणि खाली पार्किंगमध्ये काका मुलाच्या गाडीचं बॉनेट उघडून उभे होते. "गाडी जरा बाजूला लावतो" म्हणून चावी मागून नेलेली. वर आले ते काळी चिंधी हातात घेऊनच. वहिनींच्या कानात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "स्थळ बरं आहे. पण ऑइल मिनिममच्या खाली गेलंय. गाडीकडे न बघणारा पोरीकडे काय बघणार?"

ओळखलंत ना? आमचे कशेळीत राहतात, तुमचे आणखी कुठे राहत असतील.

चिंधी जुन्या बनियनची. रोज धुतलेली, शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी. सकाळी सातला, म्हणजे रात्रभरात तेल खाली उतरून बसलेलं असताना, काका पार्किंगमध्ये उतरतात. डिपस्टिक काढायची, पुसायची, परत पूर्ण घालायची, मग बघायची. "पहिल्यांदा काढलेली डिपस्टिक खोटं बोलते," हे वाक्य आमच्या कॉम्प्लेक्समधली पोरंसुद्धा म्हणून दाखवतात. कोणी जास्त शहाणपणा करून मॅक्सच्या वर तेल ओतलं तर त्यालाही ओरडा: "फेस होईल आत!"

एकदा शववाहिनी आली होती. काकांचा हात खिशाकडे गेलाच. ड्रायव्हर म्हणाला, "राहू द्या काका, बंद पडली तरी आतल्याची तक्रार नाही."

काकांचा राग मुख्यतः आम्हा मालकांवर. विमा, फास्टॅग, डॅशबोर्डवरचा गणपती, बंपरची लिंबू-मिरची, सगळं वेळेवर. बॉनेट मात्र सर्व्हिस सेंटरवाल्याने उघडायचं. गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तकात तेल मालकानेच अधूनमधून बघावं असं छापलेलं असतं, पण ते पुस्तक प्लॅस्टिकमधून काढतो कोण? त्यात आमचा जुना आग्रा रोड! "बाळकुम ते कशेळी किलोमीटर किती? दोन-तीन. इंजिन चाललं किती? पाऊण तास," मेट्रो-५च्या खांबांकडे चिंधी हलवत काका विचारतात. "आणि तू सर्व्हिसिंग मोजतोस किलोमीटरवर!"

दुसऱ्या मजल्यावरच्या इंजिनियरला हे पटत नव्हतं. तेल कमी झालं की दिवा लागेलच, असा त्याचा हिशेब. "तो दिवा तेलाचा दाब पडल्यावर लागतो रे," काका कळवळून सांगायचे, "पातळी कमी होते तेव्हा नाही." दिवा लागला तो कशेळीच्या पुलावर, ऐन ट्रॅफिकमध्ये. याने एसीच्या गारव्यात गाडी तशीच पुढे रेटली. इंजिन जाम.

काका चालत पुलावर गेले. डिपस्टिक काढली, पुसली, परत घालून काढली. चिंधी त्या दिवशी पांढरीच राहिली. आता ऐकावं लागणार म्हणून पोरगं मान खाली घालून उभं. पण काका एक अक्षर बोलले नाहीत. टोइंगवाला येईपर्यंत मागच्या गाड्यांना हात दाखवत, शिव्या खात उभे राहिले. एरवी मी त्यांना चुकवून मागच्या जिन्याने उतरतो, पण हे कबूल करायला हवं.

त्या इंजिनियरने यंदा इलेक्ट्रिक गाडी घेतली. पेढे देऊन झाल्यावर काकांनी सवयीने बॉनेट उघडायला लावलं. चिंधी काढून बराच वेळ आत बघत होते. इंजिन नाही, तेल नाही, डिपस्टिक नाही. "बरंय," शेवटी म्हणाले, "हिला कोणी विचारायला नको." आणि उगीचच काच पुसली.

बाकीच्या गाड्या अजून पेट्रोल-डिझेलवरच आहेत, त्यामुळे काका सकाळी सातला खालीच भेटतात. तुमच्याकडे काका नसतील तर एक जुनी बनियन फाडा. आणि खाली न जाता एवढं सांगा: तुमच्या गाडीच्या डिपस्टिकची मूठ पिवळी आहे की केशरी?