कॅडेन्सकाका

भाईंदर पूर्वेला नवघर रोडच्या आतल्या गल्ल्यांमधून हिंडलात तर जिन्याच्या तोंडाशी पाट्यांची एक ठरलेली उतरंड दिसते. खाली ‘साडीला फॉल-पिको करून मिळेल’, मधे ‘ट्यूशन, पहिली ते दहावी, सर्व बोर्ड’, आणि सगळ्यात वर, पावसाने अर्धी धुतलेली, ‘कीबोर्ड, हार्मोनियम, वेस्टर्न थिअरी’. खालच्या दोन पाट्यांवर फोन नंबर असतो. वरच्या पाटीवर नसतो, कारण ज्याला शिकायचंय त्याने जिना चढावा असं काकांचं मत आहे. एकदा चढलं की उतरणं आपल्या हातात राहत नाही, हे मात्र पाटीवर लिहिलेलं नाही.

काकांचं चरित्र इकडच्या बऱ्याच मराठी माणसांचं असतं तेच. गिरगावातली चाळ, पश्चिम रेल्वेच्या पार्सल ऑफिसात नोकरी, मग खोली विकून भाईंदरला वन बीएचके. त्यात एक धोबीतलाव तेवढा जास्तीचा. तिथल्या जेर महाल इमारतीत गोवेकरांचे कूड होते, म्हणजे गावागावाचे क्लब. खालून जाताना कुणीतरी व्हायोलिन घासत असायचं, कुणी ट्रम्पेट फुंकत असायचं. शाळा सुटली की हा पोरगा जिन्यात जाऊन बसायचा. शेवटी एका म्हाताऱ्या वादकाने कंटाळून त्याला आत घेतलं आणि पाच रेघांचं नोटेशन शिकवलं. त्या म्हाताऱ्याने आणखी एक खूळ पोराच्या डोक्यात सोडलं: गाणं कुठेही सुरू करता येतं, खरी अक्कल लागते ती संपवायला. संगीतातल्या या संपवण्याला कॅडेन्स म्हणतात. काकांना अख्खी सोसायटी कॅडेन्सकाका म्हणते. त्यांचं खरं नाव फक्त वीजबिलावर येतं.

पालकांची अपेक्षा साधी असते. मुलाने दोन महिन्यांत एक गाणं बसवावं, गॅदरिंगला वाजवावं, मामाने व्हिडिओ काढावा. काका पहिल्या दिवशी गाणं सोडाच, सरगमही शिकवत नाहीत. प, नि, रे आणि वरचा म अशा चार पट्ट्या एकदम दाबतात आणि हात तसाच ठेवून मुलाच्या तोंडाकडे बघत बसतात. चार सूर खोलीत लोंबकळत राहतात. मूल आधी पंख्याकडे बघतं, मग आईकडे, मग चुळबुळ करायला लागतं.

“काय वाटतंय?” काका विचारतात.

“शू आलीय.”

“शाब्बास! अगदी हेच वाटायला हवं. याला डॉमिनंट सेव्हन्थ म्हणतात.”

मूल परत आलं की काका गाठ सोडवून दाखवतात. नि हा सा च्या दारातच उभा असतो, अर्ध्या स्वराच्या अंतरावर. म ला खाली ग वर उतरायचं असतं. हे म आणि नि एकत्र वाजले की त्यांचं जमत नाही. नि अर्धा स्वर वर सरकला, म अर्धा स्वर खाली आला, की तंटा मिटतो आणि हाताखाली राहतो सा ग प. हा परफेक्ट कॅडेन्स. सांगताना काकांच्या चेहऱ्यावर कोर्टाबाहेर तडजोड घडवून आणलेल्या वकिलाचं समाधान असतं.

मात्र कधीकधी ते सोडवायचं विसरतात. चार सूर दाबून ठेवतात आणि तसेच बोलत बसतात, आणि कीबोर्ड इमानदारीने वाजत राहतो. अशा वेळी खालच्या मजल्यावरचे स्टीलच्या भांड्यांचे व्यापारी बाल्कनीत येऊन वर ओरडतात, “काका, पूरूं करो ने!” या माणसाने आयुष्यात संगीताचा एक धडा घेतलेला नाही. काका मात्र त्यांना भाईंदरमधला सर्वोत्तम कान मानतात आणि दिवाळीला आवर्जून फराळ पाठवतात.

परीक्षेला बसणारी मुलं वेगळी. लंडनच्या एबीआरएसएमची सहावी ग्रेड द्यायची तर आधी पाचव्या ग्रेडची थिअरी किंवा तत्सम काहीतरी पास असावं लागतं. काका ‘तत्सम’ मानत नाहीत. या मुलांना ते सगळे कॅडेन्स लोकलगाडीतून शिकवतात. विरारकडून येणारी गाडी भाईंदरला लागली, लोक उतरले: परफेक्ट. गाडी नायगाव सोडून खाडीच्या पुलावर सिग्नलला उभी राहिली: हाफ कॅडेन्स. गाडी थांबलेली असतेच, पण कुणी वरची बॅग काढत नाही, कारण हे थांबणं पुढे जाण्यासाठी आहे हे सगळ्यांना कळतं. सूर तसाच प नि रे वर थांबून राहतो. आणि डिसेप्टिव्ह? “प नि रे झालं, आता सा ग प येणार म्हणून दारात येऊन उभे राहिलात. गाडीने भाईंदर घेतलंच नाही! उतरलात कुठे? मीरा रोडला. ध सा ग. त्यातले सा आणि ग आपलेच, ओळखीचे. म्हणजे घर तसं जवळ आहे, पण रिक्षा करावी लागणार.”

प्लेगल कॅडेन्स मात्र ते लोकलमध्ये बसवत नाहीत. त्यासाठी नाताळात खाडीची थंडी अंगावर घेत पूल ओलांडून पश्चिमेला चर्चमध्ये जातात आणि मागच्या भिंतीला टेकून उभे राहतात. भजन संपता संपता सगळे मिळून आमेन म्हणतात, म ध सा वरून सा ग प वर. यात नि नाही, त्यामुळे ओढाताण नाही. सा दोन्हीकडे तोच असतो, बाकीचे दोन सूर त्याच्याभोवती हळूच खाली बसतात. तेवढं ऐकून काका परत पूर्वेला. काकूंना एकेकाळी धर्मांतराची भीती वाटायची. आता त्या येताना केक आणायला सांगतात.

आमच्या भजनी मंडळाच्या बुवांशी त्यांचं जुनं वैर आहे. बुवांचं म्हणणं, आमच्यात तिहाई आहे, सम आहे, तुमच्या या इंग्रजी कुबड्या कशाला? काका यावर जे उत्तर देतात ते मला त्यांच्या सगळ्या बडबडीत सर्वांत मोलाचं वाटतं. ते म्हणतात, बुवा, तुमचा तंबोरा पहिल्यापासून शेवटपर्यंत सा धरून बसलेला. तुम्ही गाता गाता कुठेही गेलात तरी घर सोडलेलंच नसतं, मग घरी पोचण्याचा आनंद आणायचा कुठून? म्हणून आपल्या लोकांनी पोचणं तालात ठेवलं. तोच तुकडा तीनदा म्हणायचा आणि तिसऱ्याचा शेवट बरोबर समेवर आणायचा. तिकडे तंबोरा नाही. ते कॉर्ड बदलून बदलून खरंच घराबाहेर पडतात, म्हणून त्यांना परतीचं तिकीट लागतं. बुवा यावर पान लावतात आणि ‘बघू’ म्हणतात. हा बुवांचा परफेक्ट कॅडेन्स.

गेल्या गणपतीत काकांनी हे ज्ञान लोकांवर सोडलं. सोसायटीच्या आरतीला कीबोर्डवर तेच असतात. शेवटच्या आरतीचं शेवटचं कडवं, सगळे आवाज थाटात सा वर उतरले, आणि काकांनी खाली सा ग प च्या जागी ध सा ग दाबलं. गाणाऱ्यांचा सूर चुकला नव्हता, सा तोच होता. पायाखालची फरशी तेवढी सरकली होती. काय झालं ते कुणालाच कळलं नाही, पण संपलं नाही एवढं सगळ्यांना जाणवलं. ताट ओवाळणाऱ्या वहिनींना वाटलं, एक कडवं राहिलं. त्यांनी पुन्हा ओवाळायला घेतलं, झांजवाल्याने धरलं, आणि अख्खी आरती परत झाली. दुसऱ्या वेळी काकांचा हात पुन्हा ध कडे निघालेला दिसताच सेक्रेटरींनी कीबोर्डची वायर काढली आणि मंत्रपुष्पांजली कोरडीच सुरू झाली. मोदक गार झाले. काका म्हणाले, “पाहिलंत? लोकांना कळतं.”

‘अमर अकबर अँथनी’ टीव्हीवर लागला की काकांकडे जाऊ नये. 1977 च्या त्या सिनेमातलं अँथनी गोन्साल्विसचं गाणं सगळ्यांना अमिताभचं वाटतं. काका रिमोटने आवाज बंद करून सांगतात की अँथनी गोन्साल्विस हा खराखुरा माणूस होता. गोव्यातल्या माजोर्ड्याचा व्हायोलिनवादक आणि अरेंजर, प्यारेलालांचा गुरू. शिष्याने गुरूचं नाव गाण्यात घातलं. त्या काळात चाल संगीतकाराची असायची, पण शंभर वाद्यांनी काय वाजवायचं आणि कुठे थांबायचं हे नोटेशनमध्ये लिहून काढायचे ते गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारखे गोवेकर. याच गोन्साल्विसांनी 1958 साली सेंट झेवियर्स कॉलेजच्या अंगणात भारतीय सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला, लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. एवढं सांगून होईपर्यंत सिनेमातले तिघं भाऊ एकमेकांना भेटलेले असतात. आवाज बंदच असतो.

पंधरा ऑगस्टला काकांची वेगळीच पंचाईत होते. राष्ट्रगीताचा शेवटचा स्वर सा नाही. ते मध्यमावर जाऊन थांबतं. सगळे खुर्च्या ओढून बसतात, समोशांचे खोके उघडतात, आणि काका तसेच सावधान उभे. त्यांच्या मते रवींद्रनाथांनी ते मुद्दाम उघडं ठेवलंय, देश अजून चालू आहे म्हणून. हा अर्थ पदरचा आहे, पण समोसा हातात असताना वाद कोण घालणार?

असा हा माणूस. जगातले सगळे शेवट त्याला तोंडपाठ, आणि त्याच्या स्वतःच्या बोलण्याला शेवट नाही. पाचचा क्लास सहाला सुटायचा असतो. सातला खाली आया मोबाइलचा टॉर्च लावून उभ्या असतात. सोसायटीच्या वार्षिक सभेत त्यांना गच्चीच्या गळतीवर दोन मिनिटं दिली, तर ते गळतीच्या थेंबांच्या लयीपर्यंतच पोचले. फोनवर ‘बरं, ठेवतो’ हा त्यांच्या संभाषणाचा साधारण मध्य असतो. काकू तेवढ्यात कणीक मळून घेतात. “यांना सगळे शेवट येतात,” त्या म्हणतात, “वेळेवर येत नाहीत इतकंच.”

परवा रात्री ते माझ्याकडे आले होते. निघतो म्हणाले, चपला घातल्या, लिफ्टमध्ये शिरले, आणि जाळीचं दार अर्धं ओढून, एक पाय बाहेर ठेवून, पिकार्डी थर्ड नावाच्या आणखी एका शेवटावर आले. लिफ्टमधली बाई बोलायला लागली, ‘कृपया दरवाजा बंद कीजिए’.

“ऐका, ऐका,” काका म्हणाले. “बाई कुठे थांबली? प वर. आता परत म्हणणार. म्हणजे हा...”

“हाफ कॅडेन्स,” मी म्हणालो.

“कसं बोललात! तर मायनरमधलं गाणं. सगळीकडे ग कोमल, अख्खं गाणं रडवेलं, आणि अगदी शेवटी...”

खालून कुणीतरी लिफ्टचं दार बडवलं. मग भांडीवाल्यांचा आवाज जिन्यातून वर आला, “काका, पूरूं करो ने!” काकांनी मान डोलावली, पाय आत घेतला, जाळी ओढली. लिफ्ट खाली निघाली आणि तिच्याबरोबर त्यांचा आवाजही एकेक मजला उतरत गेला. मी कडी लावली, दिवा घालवला, आणि फोन वाजला.

“पोचलो खाली,” काका म्हणाले. “हं, तर शेवटच्या कॉर्डमध्ये तो ग...”