साहेबांची तडीपारी

महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ हे पुस्तक झोपताना वाचायला कोणी घेत नाही. मी घेतलं, कारण आमच्या मंडळाला मिरवणुकीची वेळ कोणत्या कलमाखाली वाढवून मिळेल, याचा शोध मला घ्यायचा होता. ते कलम सापडलं नाही, पण दुसरंच घबाड हाती लागलं. या कायद्यानं गुंडाला जास्तीत जास्त दोन वर्षं तडीपार करता येतं. आणि याच कायद्यात बड्या पोलीस अधिकाऱ्याची एका जागेवरची मुदत साधारण दोन वर्षं धरली आहे. एकाला दोन वर्षं गावाबाहेर, दुसऱ्याला दोन वर्षं गावात.

यात गुंडाची बाजू मला उजवी वाटली. त्याला आधी नोटीस जाते. म्हणणं मांडायची संधी मिळते. हुकूम पटला नाही तर सरकारकडे अपील करता येतं. साहेबांच्या नशिबी मात्र व्हॉट्सॲपवर फिरत फिरत आलेली बदल्यांची पीडीएफ. तीत नाव सापडेपर्यंत बोट सरकवायचं, आणि नावापुढं कधी कधी लिहिलेलं असतं की पदस्थापनेचे आदेश स्वतंत्रपणे निघतील. तडीपाराला निदान कुठं जायचं नाही हे तरी नक्की कळतं.

ही दोन वर्षांची मुदत काही सहजासहजी आलेली नाही. सप्टेंबर २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रकाश सिंह खटल्यात राज्यांचे कान उपटले, त्यानंतर ती कायद्यात शिरली. पण सोबत एक खिडकीही ठेवली आहे. लोकहितासाठी मुदतीआधीही बदली करता येते. लोक म्हणजे आम्हीच असणार. आम्हाला अजून कोणी विचारलेलं नाही.

मी आमच्या भागातल्या शांतता समितीचा जुना सदस्य असल्यामुळे आयुक्तांच्या निरोपाचं आमंत्रण येतं. नाशकात निरोप समारंभाला तसा इतिहास आहे. २१ डिसेंबर १९०९ रोजी, बदली होऊन निघालेले कलेक्टर जॅक्सन विजयानंद थिएटरात आपल्याच सन्मानार्थ लावलेला 'शारदा'चा प्रयोग बघायला आले आणि अनंत कान्हेरे यांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. बहुधा म्हणूनच आता नाशकात निरोपाला नाटक ठेवत नाहीत, भाषणं ठेवतात. तीही जिवावर बेततात, पण हळूहळू.

शहराचं आयुक्तालय वेगळं आणि नाशिक ग्रामीण, अहिल्यानगर, जळगाव, धुळे, नंदुरबार असं पाच जिल्ह्यांचं परिक्षेत्र वेगळं. निरोपाच्या दिवशी दोन्हीकडचे लोक एका सभागृहात बसतात. सगळ्या भाषणांत 'समन्वय' हा शब्द अक्षतांसारखा पडत असतो. ज्यांनी दोन वर्षं 'ट्रक उलटला तो खड्डा कोणाच्या हद्दीत' यावर पत्रापत्री केली, ते आज गळाभेट घेतात. माझ्या शेजारी बसलेले हवालदार टाळ्या वाजवता वाजवता पुटपुटले, "खड्डा अजून तिथंच आहे."

मग आठवणी निघतात. नाशिककर आयुक्तांना कायद्यावरून लक्षात ठेवत नाहीत. रवींद्र सिंगल म्हटलं की सायकल. आयुक्त स्वतः आयर्नमन म्हटल्यावर पोट सुटलेल्या अधिकाऱ्यांनाही पहाटे सायकल काढावी लागली असणार. विश्वास नांगरे-पाटील म्हटलं की स्पर्धा परीक्षेची पोरं आणि सेल्फी. दीपक पांडेय म्हटलं की हेल्मेट. १५ ऑगस्ट २०२१ पासून हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही, असा त्यांचा खाक्या. पंपावर मागच्या माणसाचं हेल्मेट उसनं घेऊन टाकी भरणारे आणि ते डोक्यावरून काढता काढता "धन्यवाद हं दादा" म्हणणारे मी पाहिलेत. अनोळखी माणसांत एवढा जिव्हाळा शांतता समितीला कधी निर्माण करता आला नव्हता. एप्रिल २०२२ मध्ये पांडेय यांची बदली झाली आणि हेल्मेटं परत माळ्यावर गेली.

भाषणं संपली की खरा कार्यक्रम बाहेर. साहेबांची गाडी झेंडूनं मढवलेली, पुढं दोन जाड दोर. हा आपल्या पोलिसांचा जुना रिवाज: जाणाऱ्या साहेबांची गाडी हाताखालच्यांनी ओढायची. दोराला सर्वांत पुढं उपायुक्त, मागं सहायक आयुक्त, मग पीआय, अशी ज्येष्ठतेनुसार रांग. त्यामुळे गाडी प्रत्यक्षात ओढतात ते शेवटचे चौघं; पुढच्यांचं लक्ष फोटोग्राफरकडे. एका निरोपाला मात्र गाडी हलेचना. बँड दोनदा सुरू होऊन थांबला, पाकळ्या उधळणाऱ्या महिला अंमलदारांची तबकं निम्मी रिकामी झाली. शेवटी एका पीआयनं काचेत डोकं घालून दबक्या आवाजात विचारलं, "अरे, हँडब्रेक?" ड्रायव्हर रडत होता. सबंध खात्यात खरोखर रडणारा तो एकटा, आणि नेमकं ब्रेकचं काम त्याच्याकडे.

ब्रेक सुटला, गाडी एकदम निघाली आणि पुढचे वरिष्ठ प्रथमच पळताना दिसले. सिंगल साहेब असते तर खूश झाले असते.

तडीपार गुंड पंचवटीत फिरताना सापडला, ही बातमी नाशिकच्या पेपरांना नवी नाही. साहेब मात्र हुकूम तंतोतंत पाळतात. चार्ज दिला की बंगल्यातली भांडीकुंडी ट्रकमध्ये आणि मुलांच्या शाळेचे दाखले पिशवीत.

फाटकाशी गाडी जरा थांबली. आमच्या मंडळाचे अध्यक्ष ही संधी हेरून गुच्छ घेऊन पुढं झाले. "साहेब, तुमच्यासारखे आयुक्त पुन्हा होणे नाही," म्हणत त्यांनी गुच्छ काचेतून आत सरकवला, आणि त्याखाली घडी घालून ठेवलेला अर्जही: विसर्जनाला लाऊडस्पीकर रात्री बारानंतर तासभर. साहेबांनी अर्ज वाचला, छान हसले आणि म्हणाले, "हे आता नव्या साहेबांना द्या."

अध्यक्षांनी अर्ज परत घेतला. जरा विचार करून गुच्छही.