व्हिसाचे तात्या

कवठे येमाईत पोराला परदेशी इंजिनिअरिंगला धाडायचं ठरलं की बाप आधी तात्यांकडे जातो. एजंट पुण्यात पायलीला पन्नास आहेत, पण ते पैसे घेतात. तात्या चहा आणि मान, एवढंच घेतात. स्वतः विमानात बसलेले नाहीत, पासपोर्टही काढलेला नाही. त्यांची सगळी कमाई बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीबाहेरच्या फुटपाथवरची. आत मोबाइल नेऊ देत नाहीत, म्हणून मुलाखतीच्या दिवशी पुतण्याचा फोन धरून ते बाहेर बसले. त्यांचा फेटा बघून आणखी तीन-चार अनोळखी पोरांनीही आपापले फोन त्यांच्याच हवाली केले. तेव्हापासून तात्या या खात्यातले जाणकार.

नवं गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न ठरलेला : "तिथं आतमधी आपलं कोन हाय का?" कुणीच नाही म्हटल्यावर ते क्षणभर खिन्न होतात आणि कागदांकडे वळतात. बापाचं नाव ज्ञानेश्वर असेल तर दिवस तिथंच संपला. दहावीच्या सर्टिफिकेटावर ते नाव डीपासून सुरू होतं, आधारवर जीपासून. मग दोन्ही ज्ञानेश्वर एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र करायला शिरूर.

खरी गंमत कर्जाची. साडेसात लाखांच्या वर गेलं की सरकारी बँक सहसा तारण मागते, आणि शेतजमीन तिला नको असते. पाच एकर बागायत, विहीर, पाइपलाइन, कांद्याची चाळ. साहेब सातबारा बघून परत देतो. अशा वेळी भोसरीला वन बीएचके घेतलेला मामा आठवतो. ज्याला लग्नात टॉवेल-टोपीवर भागवलं, त्याच्या घरी आता गूळ, शेंगा आणि गावरान तूप पोचतं. मामीला विचारायचं काम तात्यांचं.

जर्मन सरकार तात्यांना मनापासून आवडतं. तिकडे वर्षाच्या खर्चाचे 11,904 युरो आधीच खात्यात अडकवून ठेवावे लागतात आणि पोराला महिन्याला 992 सुटतात. "पैसं आपलं, कुलूप त्यांचं. उधळायला वावच न्हाई!" असं ते बापाकडे बघून म्हणतात. पोरगं खाली बघतं.

अमेरिकेवर मात्र त्यांचा राग आहे. तिथल्या कायद्याच्या 214(बी) कलमाप्रमाणे येणारा प्रत्येक जण कायमचा राहायलाच आलाय, असं साहेबानं धरून चालायचं. तसं नाही हे पोरानं पटवायचं. "वारसनोंदीला तलाठी असंच करतो," तात्या म्हणतात. "आपन मेलेल्याचं पोर न्हाई, हे तो धरूनच बसलेला असतो."

म्हणून रंगीत तालीम. बी. के. मोमीन कवठेकरांनी ज्या गावात राहून तमाशासाठी वग लिहिले, तिथं तालमीची हौस शिकवावी लागत नाही. ओसरीवर प्लॅस्टिकच्या खुर्चीत तात्या वकिलातीचे साहेब होतात. पोराला उभं करतात, कारण खिडकीपाशी उभंच राहावं लागतं.

"कशापायी चाललास?"

"मास्टर्सला."

"माघारी येनार का?"

पोरगं अडखळतं. आई दारातून "येनार की!" म्हणते. साहेब तिला गप्प बसवतात आणि उत्तर घोकून घेतात : जमीन आहे, आई-बाप आहेत, येमाईची जत्रा आहे. जत्रा इंग्रजीत कशी सांगायची यावर ओसरीवर दोन तट पडतात.

इतकं करून खरी मुलाखत चार-दोन मिनिटांत उरकते. सातबारा, व्हॅल्युएशन, सीएचा दाखला यांनी फुगलेली फाइल साहेब पुष्कळदा उघडतही नाही. पुतण्यानं हे तात्यांना सांगितलेलं आहे. तरी फाइलशिवाय ते कुणाला गाव सोडू देत नाहीत, आणि माझ्या मते त्यांचंच बरोबर आहे. त्या फाइलनं साहेबाचं नसलं तरी आईचं समाधान होतं.

तुमचं कुणी जाणार असेल तर सकाळी लवकर या. दहानंतर तात्या शिरूरला असतात, कुठल्यातरी ज्ञानेश्वराचं काम राहिलेलंच असतं. येताना मूळ कागद आणा. झेरॉक्सला ते हात लावत नाहीत.