लाईन चालू आहे का?

परतुरात कुणी 'काय, लाईन चालू आहे का?' असं विचारलं, तर उत्तर देण्याआधी त्याच्या हाताकडे बघावं. हातात पिशवी असेल तर प्रश्न रेशनचा, घागर असेल तर नळाचा, टेस्टर असेल तर विजेचा. हात रिकामा असून सारखा केसांतून फिरत असेल, तर प्रश्न खासगी आहे. त्याचं उत्तर मुलीच्या भावासमोर देऊ नये.

गावात पहिली लाईन आली ती रेल्वेची. 1900 च्या सुमारास निजामाच्या राज्यात मनमाड-सिकंदराबाद मीटरगेज रूळ पडले आणि जालना-सेलूच्या मध्ये परतूरला स्टेशन मिळालं. पुढे रूळ रुंद झाले, तरी गाव होतं तिथेच राहिलं. सरकली ती नकाशावरची लाईन. 1 मे 1981 ला जालना जिल्हा झाला आणि परतूर तालुका परभणीतून उठून त्यात गेला. लोक रात्री परभणीत झोपले आणि सकाळी जालन्यात उठले. कुणाला कूससुद्धा बदलावी लागली नाही.

भूमितीचे सर सांगायचे, रेषेला लांबी असते, रुंदी नसते. सरांना बँकेच्या दारात कधी उभं राहावं लागलं नसावं. तिथल्या लाईनीला लांबी जेमतेम, रुंदी मात्र थेट रस्त्यापर्यंत. त्यात मधेच एक जण शिरतो, 'काही नाही मामा, फक्त विचारायचंय.' आणि विचारता विचारता पैसे काढून निघूनही जातो.

इतक्या लाईनी आल्या कुठून? जवसातून! लॅटिनमध्ये जवसाला 'लिनम' म्हणत. त्याच्या देठातल्या धाग्याचा दोरा म्हणजे 'लिनिया'. असला दोरा ताणून बांधकाम सरळ ठेवायचं, म्हणून पुढे सरळ रेघेलाच ते नाव पडलं. आपला गवंडी आजही 'लाईनदोरी' लावतो, म्हणजे खरं तर 'दोरीदोरी' लावतो. शिंप्याचं लायनिंगही त्याच झाडाचं, कारण कपड्याला आतून लिननचं अस्तर लावायची चाल होती. जवस आपणही पिकवतो, पण तेलासाठी आणि चटणीसाठी. त्यांनी दोरा काढला, आपण चटणी वाटली. दोऱ्यानं त्यांचं बांधकाम सरळ झालं असेल, पण भाकरीला दोरा लावून खाता येत नाही.

यातली डेडलाईन तेवढी भयंकर. अमेरिकेच्या यादवी युद्धात, 1864 मध्ये, अँडरसनव्हिलच्या कैद्यांच्या छावणीत कुंपणाच्या आत एक हद्द आखलेली होती. ती ओलांडली की पहारेकरी गोळी घालायचा. हा शब्द आपल्या कचेऱ्यांत आला आणि माणसाळला. मार्चअखेरची डेडलाईन सर्रास ओलांडली जाते, आणि गोळी लागते ती फक्त ॲसिडिटीची.

हे सगळे अर्थ एकाच रात्री गाठायचे असतील तर थंडीत हरभऱ्याला पाणी द्यायला जावं. शेतीची लाईन रात्रीची. मी मोटार सुरू केली, पाणी पाइपलाईनला लागलं आणि लाईन गेली. लाईनमनला फोन लावला, तर लाईन बिझी. हेल्पलाईनवर एक गोड आवाज आला, 'कृपया लाईनवर राहा.' राहिलो. बांधावर कानटोपी घालून शेजारचे काका बसले होते.

"कोन बोलतंय?"

"कुणी नाही काका, लाईनवर थांबा म्हणतायत."

"आमच्या नातवालाबी लाईनीला लावायचंय. लाईनमनची भरती निघली म्हनं."

"लावा की. फॉर्म ऑनलाईन भरायचा असतो."

काकांनी अंधारात बुडालेल्या डीपीकडे एकदा बघून घेतलं.

"मंग लाईन आल्यावर भरू."