सध्या रेल्वे

सोळाव्या वर्षी माणसाकडे स्वप्न असावं लागतं. आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांना चहा एक वेळ नसला तरी चालतो, माझं स्वप्न मात्र लागतं. "मग, पुढं काय ठरवलंय?" असं म्हणून ते चहा बशीत ओततात आणि तो निवेपर्यंत माझ्याकडे बघत बसतात. लहानपणी हे सोपं होतं. 'टीचर' म्हटलं की भागायचं, 'डॉक्टर' म्हटलं की वर चॉकलेट मिळायचं. आता परीक्षेचं नाव, क्लासचं नाव आणि किती मार्कांची अपेक्षा आहे, इतका सगळा तपशील द्यावा लागतो.

धाकटा भाऊ यातून सुटलाय. तो नऊ वर्षांचा आहे आणि त्याला जेसीबी व्हायचंय. चालवायचा नाही, व्हायचंय. जेसीबीचा कट-ऑफ किती असतो, हे त्याला अजून कुणी विचारलेलं नाही.

खरं सांगायचं तर मला स्वप्नबिप्न नाही. मला नाद लागतात. नाद येताना सांगून येत नाही आणि जातानाही निरोप घेत नाही. आठवीत मला चित्रांचा लागला होता. वहीची मागची पानं, दुधाच्या हिशेबाचं कॅलेंडर, जिथे जागा मिळेल तिथे मी मांजरं काढायचे. आईनं ती मांजरं बघितली आणि दुसऱ्या दिवशी एलिमेंटरी परीक्षेचा फॉर्म आणला. एलिमेंटरी झाली की इंटरमिजिएट, ग्रेड मिळाली की दहावीला वाढीव गुण. मग रोज संध्याकाळी स्थिरचित्र: एक तांब्या, एक वांगं, मागे घडी मोडलेली चादर. मांजर अभ्यासक्रमात नव्हतं. ग्रेड मिळाली, गुणही मिळाले आणि ब्रश माळ्यावर गेले ते अजून तिथेच आहेत. तेव्हापासून मी सावध झाले. आमच्या घरात कुणाचा नाद उघडकीला आला, की त्याचं करिअर करून टाकतात.

सध्याचा नाद रेल्वेचा आहे आणि मिरजेत राहून तो लपवणं अवघड आहे. या गावात रात्री बाराला खिडकी उघडली तरी कुठली ना कुठली गाडी काहीतरी बोलत असते. एके काळी इथे तिन्ही रूळ एकत्र यायचे: 1676 मिलिमीटरचा ब्रॉड गेज, 1000 मिलिमीटरचा मीटर गेज आणि 762 मिलिमीटरचा नॅरो गेज. माझ्या आठवणीत फक्त ब्रॉड गेज आहे. बाकीचे दोन मला आजीकडून मिळाले.

आमच्या वर्गातली दोन मुलं पुलावर उभी राहून इंजिनांचे फोटो काढतात. वंदे भारत आली की त्यांचे हात थरथरतात. मला गाडीचं एवढं काही वाटत नाही. मला वेळापत्रक आवडतं. कोल्हापूरहून गोंदियाला जाणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस घ्या. ती मिरजेवरून पुढे पुणे, मनमाड, भुसावळ, अकोला, नागपूर करत एक अख्खा दिवस आणि वर काही तास चालते, तेराशे किलोमीटरहून जास्त जाते, आणि एवढं करून राज्याबाहेर पाऊल टाकत नाही. ही गाडी मला आमच्या बाबांची नातेवाईक वाटते.

त्यात मला कंट्रोल चार्ट सापडला आणि मग मी कामातून गेले. रेल्वेच्या नियंत्रण कक्षात गाड्यांचा हिशेब आलेखावर ठेवतात. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर स्टेशनं. प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरकी रेघ. रेघ जितकी उभी, तितकी गाडी वेगात. रेघ आडवी झाली की समजायचं, गाडी स्टेशनात उभी आहे आणि प्रवासी भजी खायला उतरलेत. खरी गंमत एकेरी मार्गाची. समोरासमोरून येणाऱ्या दोन गाड्यांच्या रेघा जिथे एकमेकींना छेदतात, तिथे स्टेशन असलंच पाहिजे. नसेल तर ते वेळापत्रक नव्हे, अपघाताची योजना. बाबांचं कॉलेजजवळ झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे. तिथले आलेख कागद हल्ली भौतिकशास्त्राच्या नावाखाली घरी येतात आणि त्यांवर मिरज ते कुर्डुवाडी मार्ग चढतो. आरग, बेळंकी, सलगरे, कवठेमहांकाळ, ढालगाव, जत रोड, सांगोला, पंढरपूर. ही नावं मला आवर्तसारणीपेक्षा लवकर पाठ झाली.

या मार्गाचा मूळपुरुष एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा इंग्रज अभियंता. त्याच्याबद्दल वाचल्यापासून मला जरा धीर आलाय. अडीच फुटी रुळांवरची बार्शी लाइट रेल्वे ही त्याची करामत. 1897 साली बार्शी रोड म्हणजे आजचं कुर्डुवाडी ते बार्शी हा पहिला तुकडा सुरू झाला, 1911 साली गाडी लातूरला पोचली आणि 1927 साली मिरजेला. पण या गृहस्थाचं रेल्वेवर भागलं नाही. त्यानं अरबी घोडे पाळले आणि घोड्यावर एक जाडजूड पुस्तक लिहिलं. 1910 साली रोल्स-रॉइसमधले रोल्स विमान अपघातात गेले, ते त्याचे मित्र. मग त्यानं विमानातून उडी मारायची छत्री बनवायला घेतली आणि तिला 'गार्डियन एंजल' नाव दिलं. रूळ, घोडे, पॅराशूट! त्याच्या आईनं याला "एक काहीतरी धड कर" असं नक्की म्हटलं असणार. मिरजेला गाडी आली त्याच वर्षी तो वारला. आमच्या गावात त्याचा पुतळा नाही. असता तर मी परीक्षेआधी त्याच्याच पाया पडले असते.

आजी या गाडीनं नवरी होऊन आली. पंढरपूर भागातून मिरजेला दोन गोष्टी येतात, सतारीचे भोपळे आणि आमची आजी. दोन्ही ठोकून बघून घेतलेल्या. ती सांगते, गाडी इतकी हळू चालायची की माणसं खाली उतरून, शेतातल्या शेंगा उपटून पुन्हा डब्यात चढायची. ही गोष्ट नॅरो गेजच्या प्रत्येक गावात सांगतात, त्यामुळे मी ती मनावर घेत नाही. पण कोळशाच्या कणाची गोष्ट मला खरी वाटते. वाऱ्यानं कण डोळ्यात गेला, की शेजारची बाई पदराचं टोक गोळा करायची, त्यावर तोंडाची वाफ द्यायची आणि तो ऊबदार गोळा डोळ्यावर दाबून धरायची. आजी हे सांगताना स्वतःच्या पदराचा गोळा करतेच. लग्नाच्या दिवशी सांगोल्याच्या अलीकडे एका अनोळखी बाईनं तिचा डोळा असा शेकला होता. तिचं नाव राहिलं विचारायचं, असं आजी अजून म्हणते. आजोबा तेव्हा समोरच्या बाकावर झोपले होते, हेही ती अजून म्हणते.

झोपेवरून आठवलं. आमच्या घरात रात्रीच्या स्वप्नांचं खातं आजीकडे आहे. स्वप्नात लग्न दिसलं तर वाईट, मरण दिसलं तर आयुष्य वाढलं, पाणी दिसलं तर चांगलं, पण गढूळ नको. आणि पहाटेचं स्वप्न खरं होतं. मला पहाटे हमखास पडणारं स्वप्न असं: रसायनशास्त्राचा पेपर चालू आहे, परीक्षेचं केंद्र जनरल डब्यात आहे आणि सुपरवायझर "चाय, चाय" म्हणत पुरवण्या वाटतोय. हे खरं होऊ नये म्हणून मी आजीला शास्त्र ऐकवलं. शिकागोतल्या संशोधकांनी 1953 साली दाखवून दिलं, की झोपेत काही काळ बंद पापण्यांखाली डोळे भराभर हलतात आणि ठसठशीत स्वप्नं मुख्यतः तेव्हाच पडतात. झोपेचा हा टप्पा पहाटेकडे लांबत जातो, म्हणून ती स्वप्नं लक्षात राहतात. आजी शांतपणे म्हणाली, "मग मी येगळं काय सांगत हुते?" शास्त्र कुणाच्या बाजूचं असतं ते आधी बघून घ्यावं.

आईवरही तो प्रयोग केला. किशोरवयात शरीराचं घड्याळच उशिराकडे सरकतं, त्यामुळे सकाळी लवकर उठवणं निसर्गाविरुद्ध आहे, असं मी तिला पुराव्यानिशी सांगितलं. आई नर्स आहे, तिला पटायला हवं होतं. ती म्हणाली, "नळाला पाणी सहालाच येतं."

आईची रात्रपाळी असते तेव्हा ती दिवसा झोपते. वान्लेस नावाच्या मिशनरी डॉक्टरांनी 1894 साली इथे रुग्णालय काढल्यापासून मिरजेत आजारी माणसं येतायत आणि त्यातली बरीचशी आईच्या वॉर्डात येतात, असं तिच्या पायांकडे बघून वाटतं. मी डॉक्टर व्हावं ही तिची इच्छा. ती हट्ट धरत नाही. फक्त जेवताना सांगते की अमुक डॉक्टरीण बाई राऊंडला आल्या, की पेशंट नुसतं बघूनच बरे होतात. बाबांची इच्छा दर उन्हाळ्यात बदलते. दुकानात ज्या गाइडचा खप वाढतो, त्या परीक्षेला मी बसावं असं त्यांना वाटतं.

दहावीच्या निकालानंतर माझ्यासाठी बैठक बसली. आत्या लातूरला असते आणि लातूर म्हटलं की पॅटर्न. आत्यानं फोनवरून क्लास, खोली, डबा, सगळं लावून टाकलं. मी लगेच हो म्हटलं, म्हणून सगळ्यांना माझा अभिमान वाटला. मला आठवत होती ती एप्रिल 2016 मधली पाण्याची गाडी. लातूर कोरडं पडलं होतं आणि मिरजेहून पाण्याच्या दहा वाघिणी घेऊन पहिली गाडी निघाली. मी तेव्हा पहिलीत. बाबांनी खांद्यावर बसवून दाखवलेल्या काळ्या, गोल वाघिणी आणि त्यांच्या पोटावरून ठिबकणारं पाणी, एवढंच डोळ्यांपुढे आहे. आत्या तिकडे बादल्या मांडून बसली असेल असं वाटून मी हात हलवला होता. त्या मार्गानं लातूरला जायचं, वाटेत कुर्डुवाडी आणि बार्शी बघायची, एवढाच माझ्या होकाराचा अर्थ होता. पुढे दोन वर्षं तिथे काय करायचं हे मी धरलंच नव्हतं. शेवटी आजी म्हणाली, "पोरगी गेल्यावर मला पेपर कोण वाचून दाखवणार?" आणि पॅटर्न बारगळला.

पेपर वाचूनच पुढचा घोटाळा झाला. सप्टेंबर 2025 मध्ये सुरेखा यादव निवृत्त झाल्या, ती बातमी मी आजीला मोठ्यानं वाचून दाखवली. साताऱ्याच्या बाई, कराडला इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा, आशियातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक, 2023 साली सोलापूर ते मुंबई वंदे भारत चालवलेली. वाचताना माझा आवाज जरा जास्तच लागला असावा. संध्याकाळी बाबा दुकानातून रेल्वे भरती परीक्षेचं गाइड घेऊन आले. कव्हरवर इंजिन, आत बुद्धिमापन. "नादच आहे तर पद्धतशीर कर की," ते म्हणाले. मला तांब्या, वांगं आणि घडी मोडलेली चादर डोळ्यांसमोर दिसली. सुरेखाबाईंबद्दल मला अपार आदर आहे. पण त्यांचं कौतुक वाटायला मला त्यांच्या सीटवर बसलंच पाहिजे, असा नियम कुणी केला? आजी रोज कीर्तन ऐकते, तिला कुणी बुक्का लावून उभं करत नाही.

मग मी मार्ग बदलला. कुर्डुवाडी सोडली आणि आमच्या घराचाच चार्ट काढला. याचं करिअर करणं कुणालाही जमणार नाही, अशी खात्री होती. उभ्या अक्षावर बाहेरचं दार, सोपा, स्वयंपाकघर, न्हाणीघर, परस. मधला बोळ एकेरी मार्ग, कारण तिथे धान्याचं पिंप आहे आणि समोरून कुणी आलं की एकाला मागे सरकावं लागतं. बाबांची रेघ रविवारी दुपारी एक ते चार सपाट आडवी. भावाची काढताच आली नाही, कागद फाटला. आजीची रेघ संथ, पण तिच्यासाठी सगळ्या सुपरफास्ट बाजूला उभ्या करून ठेवलेल्या. आणि सकाळी सव्वाआठला आईच्या आणि बाबांच्या रेघा स्वयंपाकघरात एकमेकींना छेदतात. ती पाळीवरून येते, ते दुकान उघडायला निघतात. ओट्याशी दहा मिनिटं. त्यात गॅसचा नंबर, शाळेची फी, कुणाच्या बारशाला किती घालायचे, हे सगळं उरकतं आणि चहा अर्धा राहतो.

चार्ट भिंतीला लावला त्या दिवशी आईनं पर्स खांद्यावरून न काढताच तो वाचला. ताप-नाडीचे आलेख बघण्यात तिची निम्मी नोकरी गेलीय, तिला समजावून सांगावं लागलं नाही. तिनं खिशातलं लाल पेन काढून स्वतःच्या रेघेला रविवारी दुपारी दोन तासांचा थांबा टाकला. बाबा म्हणाले, त्या वेळेत मुख्य मार्ग अडतो. आई म्हणाली, मग लूपमधली तुमची गाडी काढा आणि कुकर लावा. भावानं अपघात मदत गाडीला क्रेन असते का, याची चौकशी केली आणि असते म्हटल्यावर ती गाडी स्वतःच्या नावावर करून घेतली. आजीला अक्ष-बिक्ष काही दिसलं नाही. तिनं विचारलं, "ह्यात पंढरपूर कुठं हाय?"

हे घराचं आहे, त्यात पंढरपूर येत नाही, असं मी म्हटलं. तिला ते अजिबात पटलं नाही. मग कागदाला खाली एक तुकडा जोडून सांगोला आणि पंढरपूर काढावं लागलं. आता तिची रेघ आषाढीची गर्दी व्हायच्या आधी एकदा त्या तुकड्यावर उतरणार आहे, मी बरोबर असणार आहे आणि खिडकी तिची. फक्त आत्याला आत्ताच कळवायचं नाही, असं ठरलंय. कळलं तर ती आम्हाला लातूरपर्यंत ओढून नेईल.