मधले वेढे

खर्ड्याच्या लढाईचा निकाल ११ मार्च १७९५ या एका दिवसात लागला. तात्या वाइंडिंगवाल्यांकडं भरायला टाकलेल्या पाच एचपीच्या मोटारीचा निकाल कधी लागेल, हे मात्र इथल्या पेठेत कुणालाच सांगता येत नाही. रानात कांदा माना टाकतो, शेतकरी चकरा मारतो आणि तात्या म्हणतात, "भरली म्हणूनच समजा!"

तात्यांचा जीव मोटारीत नाहीच, चपट्या कॉइलमध्ये आहे. कुणी बिघडलेली इंडक्शन शेगडी आणली की मोटार स्टुलाखाली जाते. काच उचलून तात्या आतलं वेटोळं दाखवतात. केसासारख्या बारीक, वार्निश चढवलेल्या तारांचा पीळ, खाली फेराइटच्या कांड्या, मध्ये मोकळी जागा आणि तिथं पांढऱ्या पेस्टमध्ये बसवलेला उष्णतेचा सेन्सर. गिऱ्हाईक हमखास विचारतं, "मध्ये भोक कशाला? कंपनीनं तांबं वाचवलं का?"

झालं! तात्या चहाचा कप खाली ठेवतात. "मधले वेढे लहान. त्यांच्यानं इंडक्टन्स वाढतो थोडका, रोध मात्र तांब्याच्या लांबीबरोबर वाढतच जातो. वर शेजारचे वेढे त्यांच्यातला करंट तारेच्या एका कडेला रेटतात. म्हणजे काम कमी, तापणं जास्त. क्यू पडतो!"

क्यू पडणं, म्हणजे कॉइलची गुणवत्ता घसरणं, ही तात्यांच्या लेखी भावकीतल्या भांडणापेक्षा गंभीर गोष्ट. शटरच्या आतल्या बाजूला खडूनं सूत्र लिहिलेलं आहे, अमेरिकेतल्या हॅरल्ड व्हीलरनं १९२८ मध्ये दिलेलं. त्रिज्या आणि पट्ट्याची रुंदी तीच ठेवून वेढे दुप्पट केले, तर इंडक्टन्स चौपट. सूत्र इंचात आहे आणि तात्यांची टेपही इंचाची, म्हणून व्हीलर घरचाच.

हाच हिशेब मग गावाला लागतो. "जत्रा कमिटीत वर्गणी मागत फिरणारी पोरं सोडली, तर बाकी सगळे मधले वेढे. नुसते तापतात." लग्नात रुसलेले मामा, मधले वेढे. आठवड्यातून एकदा डोकावणारा स्वतःचा भागीदारसुद्धा त्यातच.

एकदा एक पोरगं गुप्तधनासाठी डिटेक्टर मागायला आलं. तात्यांनी प्लायवर गुंडाळलेली आठ इंची कॉइल त्याच्यापुढं धरली. "नाणं सापडलं तर साधारण एवढ्याच खोलीवर. तुझा हंडा दहा फुटांवर असला, तर तुला बिअरची बुचं मिळतील. आणि किल्ल्यात खणलंस तर पोलीस. दुसरीकडं कुठं दहा रुपयांवरचं धन निघालं, तर कलेक्टरला कळवायचं; १८७८ चा कायदा आहे." पोरगं निघून गेलं. तात्या मात्र त्या कॉइलचे आतले चार वेढे उलगडत बसले. मोटार स्टुलाखालीच.

तेव्हा, मोटार जळाली असेल तर सरळ जामखेडला न्या. शेगडी बिघडली तर मात्र तात्यांकडंच या. पैसे घेत नाहीत, फक्त ऐकून घ्यावं लागतं.