जपून वापरलेल्या गाडीच्या पूर्वमालकांस

श्री. पूर्वमालकसाहेब, मु. पो. पुणे यांस,
नारायणगावाहून सा. न. वि. वि.

पत्र उघडं लिहितो आहे, कारण आपला फोन लागत नाही. गाडी दाखवायची होती तेव्हा आपण पहिल्या रिंगला उचलायचात. ‘सिंगल ओनर, जपून वापरलेली हायब्रीड, साठच्या वर काटा कधी गेलेला नाही,’ हे आपले शब्द. टोमॅटोचे क्रेट लादून आडवीतिडवी पळणाऱ्या पिकअप बघत मोठा झालेला माणूस मी. ‘जपून वापरलेली’ म्हटल्यावर मला गाडी सोवळ्यातली वाटली. सीटवरचं प्लास्टिकही आपण काढलं नव्हतंत. डोळे भरून आले.

पहिल्याच थंडीत ती पहाटे थरथरू लागली. स्टार्ट केली की अर्धा मिनिट असा खडखडाट, की गोठ्यातली गाय मान वर करायची. मग सगळं शांत. मी म्हटलं, असेल, उठताना माझेही गुडघे वाजतात. शिवाय पीयूसी ताजी होती. पुढे कळलं, पेट्रोल गाडीची पीयूसी कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं इंधन मोजते, नायट्रोजनचे ऑक्साइड मोजतच नाही. म्हणजे जो भाग ते ऑक्साइड कमी करायला बसवलाय, तो मेला तरी कागद हिरवागार.

त्या भागाचं नाव ईजीआर. आपल्याला ते ठाऊक नसणार, म्हणून आमच्या भागातलं उदाहरण देतो. नाणेघाटात दोन हजार वर्षांपूर्वी व्यापाऱ्यांचे तांडे अडवून जकात घेत, तिथला दगडी रांजण अजून दाखवतात. ईजीआरही असाच नाका आहे. एक्झॉस्टमधून बाहेर निघालेल्या धुरातला काही हिस्सा तो अडवतो, कूलरमध्ये गार करतो आणि पुन्हा इंजिनात पाठवतो. जळून गेलेला वायू पुन्हा जळत नाही, नुसती जागा अडवतो. त्याने सिलिंडरमधली आग मवाळ होते, नायट्रोजनचे ऑक्साइड कमी बनतात, नॉकिंग टळतं आणि पेट्रोलही थोडं वाचतं. योजना उत्तम. पण नाक्यावरून रोज काजळी जाते हे जकातदाराच्या अंगावर दिसणारच.

गाडी उघडली आमच्या मिस्त्रींनी. ट्रॅक्टर आणि पिकअप यांत हयात गेलेला माणूस. बॉनेटखालच्या केशरी वायरी बघून त्यांनी आधी हात जोडले. तो हाय व्होल्टेजचा रंग. बारा व्होल्टची बॅटरी काढली, सर्व्हिस प्लग ओढला आणि दहा मिनिटं कशालाही हात न लावता बसून राहिलो. चहा झाला. कूलर इंजिनच्या पाठीमागे, काचेच्या खालच्या बाजूला. त्यासाठी वायपर काढा, त्याखालचं पत्र्याचं खोकं काढा, कूलंट कॅनमध्ये उतरवा. मग वाकून, कूस बदलून, एकेक नट. शेवटी कूलर हातात आला आणि मिस्त्रींनी तो उजेडाकडे धरला. पलीकडचं काही दिसेना. ‘सायेब, गुऱ्हाळाचं धुराडं यापरीस मोकळं असतं,’ ते म्हणाले.

मॅनिफोल्डची तऱ्हा आणखी न्यारी. प्रत्येक सिलिंडरला वायू वाटणारी बारीक छिद्रं असतात, त्यातली दोन बुजलेली, एक निम्मं, एकच धड. एकाला पंगतीत चारदा वाढायचं, दुसऱ्याच्या पत्रावळीवर काहीच नाही, असा प्रकार. ज्याला वायू मिळत नाही तो सिलिंडर जास्त तापतो. अमेरिकेत तिसऱ्या पिढीच्या प्रियसवर काम करणारे मेकॅनिक ईजीआर कूलर आणि हेड गॅस्केट ही दोन नावं एका दमात घेतात, ती उगाच नव्हे.

आता मुद्दा. ही काजळी साठली कशी? आपल्या जपण्याने. सकाळी टेकडीच्या पायथ्याशी, तिथून दूध, संध्याकाळी नाटकाला. दोन-दोन किलोमीटर. हायब्रीड गाडी हळू चालताना बॅटरीवर चालते, मध्येच इंजिन जागं होतं, अंग तापायच्या आत पुन्हा झोपतं. ऑइल तापत नाही, त्यातली वाफ उडत नाही. ऑइलचा तेलकट धूर मॅनिफोल्डमध्ये येतो, ईजीआरची काजळी त्याला भेटते आणि दोघं चिकट संसार थाटतात. आमची पिकअप खेड घाटात रोज रडते, पण तिचं इंजिन तापतं तरी. आपण गाडीला कधी धाप लागू दिली नाहीत. आईबापांनी एकुलत्या एक मुलाला पावसात जाऊ दिलं नाही, तसं.

साफसफाईचं फार वर्णन करत नाही, जेवणाची वेळ असेल. मिस्त्रींच्या पोऱ्याने कॉस्टिक आणतो म्हटलं. कॉस्टिक अॅल्युमिनियमलाच खातं, काजळीबरोबर पार्टही जातो, म्हणून त्याला थांबवलं. कूलर गरम पाण्यात साबणासह रात्रभर भिजवला. पहिल्या पाण्याला शाई, चौथ्याला काळा चहा, सातव्याला ओळखीचं पाणी. मॅनिफोल्डला कार्ब क्लीनरचा स्प्रे आणि बाळाची बाटली धुवायचा ब्रश (सौ. अजून बोलत नाहीत). ईजीआर व्हॉल्व्हच्या मोटरवर थेंब पडू नये म्हणून तो उलटा धरून पुसला. पुण्याहून नवी गॅस्केटं यायला तीन दिवस लागले. तेवढ्यात आपण जपलेली सगळी काजळी आम्ही एका डालड्याच्या डब्यात जमा केली.

चौथ्या दिवशी कूलंट भरून, हवा काढून गाडी मंचर, घोडेगाव, डिंभे करत भीमाशंकरला नेली. चढाला इंजिन सलग घुमलं, उतरताना बॅटरी भरली. पहाटेचा खडखडाट गेला. गाय आता मान वर करत नाही.

ऐकतो की आपण नवी हायब्रीड घेतली आहे आणि तिलाही तसंच जपता आहात. तर एक विनंती. महिन्यातून एकदा तिला चाकण, खेड, मंचर असं न थांबता इकडे आणा. काटा खुशाल ऐंशीला जाऊ द्या. घरी चहा होईल, पिठलं-भाकरीही होईल. जाताना आपला डबा तेवढा घेऊन जा.

आपला,
दुसरा मालक

ता. क. दुसरी चावी अजून आपल्याकडेच आहे.